फुटबॉलच्या मास्तरांस पगार किती असावा?

अमेरिकेतील अलाबामा विद्यापीठाने आपले फुटबॉलचे प्रशिक्षक निक सेबन यांस २०२३ साली काय वेतन दिले, हे आम्ही परवा आमच्या कचेरीत बसलेल्या व्यापारी मित्रांस सांगितले. आकडा १ कोटी १० लाख डॉलरांच्या वरचा, म्हणजे त्या वर्षीच्या हुंडणावळीने ९० कोटी रुपयांहून अधिक आहे. एका मित्राने तो दोनदा विचारून घेतला. दुसऱ्याने खिशातील कागदावर बारांनी भागून महिन्याचा हिशेब काढला आणि कागद मुकाट्याने घडी करून ठेविला. तिसरे गृहस्थ घाटकोपरचे कापडाचे व्यापारी; त्यांचा मुलगा महाविद्यालयाच्या संघात खेळतो. त्यांनी एवढेच विचारिले, “आणि आपल्याकडे मास्तरांस काय देतात?” या प्रश्नाचे उत्तर आम्हांस तोंडावर देता आले नाही, कारण ते देण्यास लाज वाटली. ते उत्तर आज येथे देत आहो.

आपल्याकडील बहुतेक महाविद्यालयांत फुटबॉलच्या प्रशिक्षकास वेतन म्हणून काही मिळतच नाही. मिळते त्यास मानधन असे नाव आहे. आंतरमहाविद्यालयीन सामने जवळ आले म्हणजे कोणा जुन्या खेळाडूस बोलवावयाचे, सहा-आठ आठवडे त्याच्याकडून मुलांची तयारी करवून घ्यावयाची, सामने संपले की एक पाकीट, एक श्रीफळ आणि जमल्यास शाल देऊन त्यास निरोप द्यावयाचा, असा हा प्रघात आहे. वकिली व्यवसायात आम्ही शब्दांस फार जपतो, म्हणून सांगतो की वेतन आणि मानधन यांतील भेद केवळ रकमेचा नव्हे. वेतन हा केलेल्या कामाचा मोबदला असून तो मागण्याचा हक्क काम करणारास असतो. मानधन ही देणाराची मर्जी होय. ते कमी मिळाले तर तक्रार कोणाकडे करावयाची आणि उशिरा मिळाले तर व्याज कोणाकडून मागावयाचे, याचा पत्ता त्यात नसतो. मान आणि धन या दोन शब्दांचा हा समास आम्हांस सुंदर वाटतो खरा. परंतु व्यवहारात त्यातील मान देणारापाशी राहतो आणि धन दोघांच्या मध्ये कोठे तरी हरवते.

येथे कोणी म्हणेल की महाविद्यालयांत शारीरिक शिक्षण संचालक असतातच. असतात, किंवा असावयास हवेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे या संचालकाची प्रारंभीची श्रेणी सहायक प्राध्यापकाचीच आहे. मूळ वेतन दरमहा ५७,७०० रुपये, त्यावर भत्ते निराळे. त्याच्यापाशी शारीरिक शिक्षणातील पदव्युत्तर पदवी लागते, नेट अथवा सेट परीक्षा लागते, आणि वर त्यास धावूनही दाखवावे लागते: तीस वर्षांपर्यंतच्या पुरुष उमेदवाराने बारा मिनिटांत १,८०० मीटर अंतर काटले पाहिजे. व्याकरणाच्या प्राध्यापकास कोणी अशी दौड करावयास लावीत नाही, हे सहज आठवले म्हणून लिहिले. असो. कायद्याने हे पद असे सन्मानाचे केले. परंतु पद भरण्याच्या बाबतीत आपल्या राज्याची गती बारा मिनिटांच्या परीक्षेत खचित नापास होईल अशी आहे. २०१८ साली राज्य सरकारने वरिष्ठ महाविद्यालयांतील रिकाम्या जागा भरण्यास मान्यता दिली, तीत सहायक प्राध्यापकांच्या ३,५८० आणि शारीरिक शिक्षण संचालकांच्या अवघ्या १३९ जागा होत्या. ही मान्यता साऱ्या महाराष्ट्रासाठी होती. मुंबई विद्यापीठाशीच शेकडो महाविद्यालये संलग्न आहेत, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

आणि संचालक नेमलेला असला तरी त्याने काय काय करावे? कबड्डी, क्रिकेट, बुद्धिबळ, कॅरम, टेबल टेनिस, जलतरण या साऱ्यांची नावनोंदणी त्याने करावयाची, ओळखपत्रांवर शिक्के मारावयाचे, सामन्यांच्या तारखा सांभाळावयाच्या, आणि परीक्षेच्या दिवसांत पर्यवेक्षणही करावयाचे. तो फुटबॉलचा जाणकार असेलच असे नाही. नसला तर तो त्याचा दोष नव्हे. ग्रंथपालाने साऱ्या विषयांची पुस्तके सांभाळावीत हे ठीक, परंतु तेवढ्यावरून त्याने साऱ्या विषयांचे पाठ द्यावेत असे कोणी म्हणत नाही. खेळाच्या बाबतीत मात्र आपण तेच म्हणतो.

मग इतकी वर्षे हा गाडा चालला कसा, असा प्रश्न येतो. या मुंबईत रोव्हर्स करंडकाचे सामने १८९१ साली सुरू झाले. येथे फुटबॉल कालपरवा आलेला नाही. गाडा चालला याचे कारण असे की महाविद्यालयाच्या मास्तरांचा पगार दुसराच कोणी देत होता. टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, महिंद्र, एअर इंडिया, रेल्वे, बँका यांचे संघ होते. खेळाडूंस तेथे कायमची नोकरी मिळे, दुपारी सराव करण्यास सवलत मिळे, आणि खेळणे थांबल्यावरही नोकरी राही. असा मनुष्य संध्याकाळी उपनगरातील एखाद्या मैदानावर जाऊन मुलांस शिकवी आणि त्याबद्दल चहाही न मागे. क्रिकेटमधील सर्वांस ठाऊक असलेले उदाहरण घ्यावयाचे तर रमाकांत आचरेकर हे स्टेट बँकेत नोकरीस होते. त्यांच्या निष्ठेविषयी कोणीही शंका घेणार नाही, आम्हीही घेत नाही. तथापि त्या निष्ठेच्या घरची चूल बँकेच्या पगारावर पेटत होती, हे विसरून आपण पुढच्या प्रत्येक प्रशिक्षकाकडे तीच निष्ठा मागत राहिलो. गिरण्या गेल्या. महिंद्र युनायटेड हा संघ २०१० साली बंद झाला. खेळाडूंस कायम नोकरी देणाऱ्या कचेऱ्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या. ज्याच्या पगारावर आपण फुकट शिकत होतो तो धनी निघून गेला, आणि महाविद्यालये अजून जुन्याच भावाने माल मागत आहेत! व्यापारी वाचकांस यातील विनोद समजावून सांगण्याची गरज नाही.

याचा परिणाम दिसावयाचा तो दिसतच आहे. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत संध्याकाळी फिरावयास निघा; हिरव्या कृत्रिम गवताची कुंपणबंद मैदाने, ज्यांस मुले टर्फ म्हणतात, दिव्यांच्या उजेडात गजबजलेली दिसतील. तेथे परवाना मिळविलेले तरुण प्रशिक्षक आठ-दहा वर्षांच्या बालकांस शिकविताना आढळतील, आणि आईबाप महिन्याचे शुल्क आगाऊ भरून बाहेर उभे असतील. या प्रशिक्षकांस आम्ही नावे ठेवीत नाही. आशियाई महासंघाच्या परवान्यांची एकेक पायरी चढण्यास त्यांचा पैसा आणि वेळ गेलेला असतो. घरभाडे त्यांसही आहे. जेथे कामाचे दाम मिळते तेथे ते जातात. फळ मात्र असे की ज्याच्या बापास शुल्क परवडते त्यास आठव्या वर्षी जाणता गुरू मिळतो, आणि जोगेश्वरीच्या किंवा भांडुपच्या चाळीतील जो मुलगा अनवाणी खेळत अठराव्या वर्षी महाविद्यालयात येतो, त्यास प्रथमच संघ मिळतो, बूट मिळतात, परंतु शिकविणारा मिळत नाही. त्या मुलाकरिता महाविद्यालयाचा संघ हा शेवटचा दरवाजा असतो. मुलींची गोष्ट तर याहून बिकट. त्यांतील कित्येकींकरिता तो पहिलाही दरवाजा असतो आणि शेवटचाही.

आम्ही स्वतः पाहिलेली एक हकीकत सांगतो. पश्चिम उपनगरातील एका महाविद्यालयाचा संघ पावसाने भिजलेल्या मैदानावर सराव करीत होता. महाविद्यालयाचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. प्रशिक्षक आला नव्हता, कारण त्या दिवशी त्यास दुसरीकडे पोटाचा उद्योग होता. मुले आपापसांतच सामना खेळू लागली. एकाचा पाय चिखलात रुतला आणि अंग वळले. गुडघ्यातून आवाज झाला तो आम्हांस कडेला ऐकू आला. त्यास उचलावे कसे, पाय हलवावा की नाही, हे तेथे कोणासच ठाऊक नव्हते. चौघांनी धरून त्यास रिक्षात कोंबले. तो मुलगा पुन्हा खेळला नाही. जाणता मनुष्य हजर असता तर ही दुखापत टळलीच असती असे आम्ही म्हणत नाही. परंतु ज्या मैदानावर विद्यार्थी महाविद्यालयाच्या नावाने उतरतात तेथे जबाबदार माणूस हजर असणे ही मर्जीची बाब नव्हे, आणि पाकीट-श्रीफळाच्या करारावर कोणास रोज हजर राहण्याची सक्ती करिता येत नाही.

या साऱ्याच्या मुळाशी पैशाची टंचाई आहे असे आम्हांस वाटत नाही. मुळाशी आहे ती आमची जुनी खोड: डोक्याचे काम ते वरचे, अंगाचे काम ते खालचे. शब्द शिकविणारा तो प्राध्यापक, चेंडू शिकविणारा तो ‘सर’ म्हणून हाक मारण्यापुरता सर. ही खोड जुन्या वर्णव्यवस्थेने आपल्या अंगी मुरविली, आणि जात मानीत नाही म्हणणारे सुशिक्षितही तीतून सुटलेले नाहीत. तिच्याच जोडीला दुसरी एक गोड सबब आहे: गुरू विद्या विकीत नसतो. फार चांगले! मग रसायनशास्त्राच्या गुरूसही दरमहा श्रीफळच द्यावे. त्यास वेतनश्रेणी आणि निवृत्तिवेतन, आणि फुटबॉलच्या गुरूस तेवढी परंपरेची आठवण, हा न्याय कोठला?

या बाबतीत न्यायालये समाजाच्या पुढे गेली आहेत, हे सांगताना आम्हांस व्यवसायाचा थोडा अभिमान वाटतो. विद्यापीठातील शारीरिक प्रशिक्षक हा ‘शिक्षक’ या व्याख्येत बसतो, त्याचे शिकविणे चार भिंतींच्या आत होत नाही एवढ्यावरून तो शिक्षक नाही असे म्हणता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जबलपूरच्या कृषी विद्यापीठातून आलेल्या एका दाव्यात २०२२ साली दिला. त्याआधी २०१६ साली पंजाब सरकारच्या तात्पुरत्या नोकरांच्या दाव्यात त्याच न्यायालयाने सांगितले की कायम नोकराइतकेच काम करणाऱ्या तात्पुरत्या नोकरास त्या श्रेणीतील किमान वेतन दिले पाहिजे. दिवसातून दोन तास येणाऱ्या प्रशिक्षकास हा दुसरा निर्णय जसाच्या तसा लागू पडेल असे आम्ही म्हणणार नाही. पक्षकारास खोटी आशा लावणे हे वकिलाचे काम नव्हे. परंतु वाऱ्याची दिशा यांवरून समजते. शिवाय नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे खेळ व व्यायाम यांस पदवीच्या श्रेयांकांत स्थान मिळाले आहे. ज्या शिकण्याचे गुण पदवीत धरले जातात ते शिकविणारास शिक्षक म्हणावयाचे नाही, ही विसंगती फार काळ टिकणारी नाही.

आता अमेरिकेकडे वळू, कारण कित्येक उत्साही मित्र तिकडचा कित्ता गिरवा असे सुचवितात. प्रथम सांगितले पाहिजे की त्यांचा फुटबॉल तो आपला नव्हे. त्यात चेंडू बहुतेक वेळ हातातच असतो. परंतु प्रशिक्षकाच्या वेतनाचा इतिहास बोधप्रद आहे. १८९२ साली शिकागो विद्यापीठाने एमॉस स्टॅग यांस प्रशिक्षक म्हणून बोलाविले, ते प्राध्यापकाचा दर्जा देऊन. आरंभ उत्तम होता. पुढे सामन्यांस हजारोंची गर्दी लोटू लागली, तिकिटांचा पैसा आला, आणि त्या पैशाबरोबर जे यावयाचे ते सारे आले. १९२९ साली कार्नेगी प्रतिष्ठानाने महाविद्यालयीन खेळांची चौकशी करून खेळाडूंस आमिषे दाखवून पळविण्याच्या प्रकारांवर कडक अहवाल दिला. १९३९ साली शिकागो विद्यापीठाने आपला फुटबॉल संघच मोडून टाकिला. बाकीचे मात्र चालतच राहिले, आणि आज त्या देशातील बहुसंख्य राज्यांत सरकारी तिजोरीशी संबंधित अशा नोकरांमध्ये सर्वांत मोठा पगार राज्यपालाचा नसून कोणा प्रशिक्षकाचा असतो. २०२३ च्या नोव्हेंबरात टेक्सस ए अँड एम विद्यापीठाने आपल्या प्रशिक्षकास काढिले, तेव्हा उरलेल्या कराराबद्दल त्यास सुमारे साडेसात कोटी डॉलर देण्याची पाळी त्या विद्यापीठावर आली. काम करू नये म्हणून ६०० कोटी रुपये! ज्या खेळाडूंच्या घामावर हे चालले होते त्यांस विद्यापीठांनी थेट मोबदला द्यावा ही गोष्ट ठरण्यास २०२५ साल उजाडावे लागले, आणि तीही न्यायालयातील तडजोडीने.

हे आपल्याकडे होईल अशी भीती आज हास्यास्पद वाटेल. आपल्या आंतरमहाविद्यालयीन सामन्यास खेळाडूंचे मित्र आणि एखादा कुल्फीवाला एवढाच प्रेक्षकवर्ग असतो. तथापि वेतनाचे तत्त्व ठरविताना ती चूक डोळ्यांसमोर असावी. प्रशिक्षकाचे वेतन करंडकाशी बांधले की तो नवशिक्यास शिकविणे सोडून तयार खेळाडू शोधू लागतो. मग नावापुरते प्रवेश, वर्गात न दिसणारे विद्यार्थी, एका महाविद्यालयातून दुसऱ्याने पळविलेले गोलरक्षक, हे सारे ओघाने येते. याची लहानसहान रोपे आपल्याही अंगणात नाहीत असे आम्ही शपथेवर सांगणार नाही.

म्हणून आमचे मत आम्ही स्पष्ट लिहितो. फुटबॉलच्या प्रशिक्षकास सहायक प्राध्यापकाच्या श्रेणीइतके वेतन असावे. त्याहून कमी नसावे आणि त्याहून अधिकही नसावे. जिंकल्याचे बक्षीस नको, हरल्याची कपात नको. अनुभवाप्रमाणे वेतनवाढ व्हावी, जशी इतर शिक्षकांची होते. नेमणूक निदान तीन वर्षांची असावी, आणि त्याचे काम जोखताना किती करंडक आले हे न पाहता किती मुले-मुली वर्षभर मैदानावर टिकली हे पाहावे.

पैसा कोठून आणावयाचा? भत्ते धरून महिन्यास एक लाख रुपये खर्च समजू, म्हणजे वर्षाचे बारा लाख. एका महाविद्यालयास हे जड आहे, आणि एका महाविद्यालयाच्या संघास दिवसभराचा प्रशिक्षक लागतही नाही. परंतु जवळजवळची तीन महाविद्यालये एकत्र आली आणि त्यांत मिळून नऊ हजार विद्यार्थी असले, तर प्रत्येकी वर्षास सुमारे १३३ रुपये पडतात, महिन्याचे अकरा. आज अकरा रुपयांत वडापावही येत नाही. जिमखान्याच्या नावाने प्रत्येक विद्यार्थ्याकडून शुल्क घेतलेच जाते. त्याचा जमाखर्च सूचनाफलकावर लाविला तर ही रक्कम त्यातच सापडेल की निराळी उभारावी लागेल हे एका दिवसात कळेल. महाविद्यालयांनी आपसांत एकमत करण्याची वाट पाहू नये. विद्यापीठानेच अंधेरी-जोगेश्वरी, कांदिवली-बोरिवली, घाटकोपर-विद्याविहार आणि भांडुप-मुलुंड असे चार गट पाडून प्रत्येकी एक प्रशिक्षक आपल्या सहीने नेमावा आणि खर्च महाविद्यालयांकडून वसूल करावा. चौघांचा वर्षाचा खर्च ४८ लाख. सर्व खेळांस एकदम हे जमणार नाही, हे आम्ही जाणतो. दोन-तीन खेळांपासून आरंभ करावा, दहांस अर्धेमुर्धे देऊ नये.

एक आक्षेप गंभीर आहे आणि तो आम्ही टाळीत नाही. शेकडो अध्यापक आज तासिका तत्त्वावर तुटपुंज्या पैशांत वर्षानुवर्षे शिकवीत आहेत. त्यांस आधी द्या, चेंडूवाल्यांचे मागाहून पाहू, असे कित्येक प्राध्यापक म्हणतील. त्यांची तक्रार शंभर हिश्शांनी खरी आहे. परंतु ती आणि ही एकाच रोगाची लक्षणे आहेत: काम कायमचे आणि माणूस तात्पुरता. दोन उपाशी माणसांनी एकमेकांच्या ताटाकडे पाहून भांडत बसावे, यात तिसऱ्याचाच फायदा असतो.

उपनगरांतील धनिकांसही एक शब्द. आपण करंडक देता, मैदानाच्या कमानीवर वडिलांचे नाव कोरता, बक्षीस समारंभास येता. हे सारे स्तुत्य आहे. परंतु चांदीचा करंडक कोणास चेंडू अडवावयास शिकवीत नाही. एका गटाच्या प्रशिक्षकाचे एका वर्षाचे वेतन कोणी व्यापारी मंडळाने उचलले, तर त्या मंडळाचे नाव आम्ही याच पानावर आनंदाने छापू.

ज्या कांदिवलीत १९३८ साली, बाळासाहेब खेर मुंबई इलाख्याचे मुख्यमंत्री असताना, शारीरिक शिक्षणाचे शिक्षक तयार करणारी सरकारी संस्था निघाली, ती कांदिवली याच उपनगरांत आहे. खेर स्वतः सॉलिसिटर होते. मैदानावरचा माणूस हाही शिक्षक आहे आणि त्याला शिकवून तयार करावे लागते, हे त्या सरकारने परक्या सत्तेच्या छायेत आणि अपुऱ्या तिजोरीत ओळखले. आज अंधेरीच्या शहाजीराजे क्रीडा संकुलात खेळणाऱ्या मुंबईच्या व्यावसायिक संघाने २०२१ आणि २०२४ साली देशाची लीग जिंकली, तेव्हा त्याच्या विदेशी प्रशिक्षकांस काय मिळते याची चर्चा आम्ही लोकलमध्ये ऐकली आहे. त्या संकुलापासून हाकेच्या अंतरावरील महाविद्यालयांत शिकविणारास काय मिळते, याची चर्चा अद्याप ऐकली नाही.

मुंबई विद्यापीठाच्या अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधरांचे दहा प्रतिनिधी असतात, आणि विद्यापीठाचा अर्थसंकल्प त्या सभेपुढे येतो. पुढील अर्थसंकल्पाच्या वेळी त्यांपैकी एकाने तरी तीन आकडे लेखी मागावेत: विद्यार्थ्यांकडून खेळाच्या नावाने जमलेली रक्कम, तीतून प्रशिक्षकांस दिलेली रक्कम, आणि शारीरिक शिक्षण संचालकांच्या रिकाम्या जागा. उत्तर मिळेल त्या दिवशी ते आम्ही छापू. न मिळाल्यास प्रश्न विचारणाराचे नाव आणि तारीख छापू.